घोड्यांसाठी निधी उभा करायचा, तर आधी महिन्याचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेजवळ लग्नसराई संपल्यावर मोकाट सोडलेले तीन घोडे तुम्ही चार मित्रांनी एका मित्राच्या शेतात आणून बांधलेत. त्यातली पांढरी घोडी फार खंगली आहे. तिघांसाठी कायमचा निवारा उभा करायचाय आणि त्यासाठी पाच लाखांचं आवाहन ऑनलाइन टाकायचंय. ट्रस्ट काढावा की सोसायटी, देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारं ८०जी कसं मिळवावं आणि लोक पैसे देतील असं आवाहन कसं लिहावं, हे तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की आणखी दोन घोड्यांसाठी फोन आलाय आणि मालक दहा-दहा हजारांत द्यायला तयार आहे.

पुण्याजवळ आमचं घोड्या-गाढवांचं छोटंसं आश्रयस्थान आहे. ते चालवणं आणि त्यासाठी लोकांपुढे हात पसरणं, ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं करते आहे. त्या अनुभवावरून सांगते की पाच लाख ही तुमची अडचण नाही. खंगलेल्या घोडीचा फोटो, तुम्हा तरुण मुलांची धडपड आणि मनापासून लिहिलेले चार शब्द असले की एवढे पैसे जमू शकतात. अडचण पुढच्या वर्षी येते. फोटो जुना झालेला असतो, घोडी सावरलेली असते, आणि रोजचा चारा मात्र तेवढाच लागतो. घोडा २५ ते ३० वर्षं जगतो. वरातीतून बाद झालेला दहा-बारा वर्षांचा घोडा घेतलात, तर तुम्ही पंधरा वर्षांची जबाबदारी घेतली आहे. तेव्हा दर महिन्याला ठरलेली रक्कम पंधरा वर्षं कुठून येईल, हा तुमचा खरा प्रश्न. ट्रस्ट, ८०जी, आवाहन हे सगळं त्या उत्तराच्या मागोमाग येतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. शेत किती दिवस मिळणार, पाण्याची बारमाही सोय आहे का, घोड्यांची वयं काय, मालक कोण ते माहीत आहे का, आणि घोडा हाताळणारा डॉक्टर किती अंतरावर आहे, यांतलं एक जरी बदललं तरी माझं उत्तर थोडं बदलेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून मी असं धरते की शेत वर्षभर तरी आहे, पाणी आहे, आणि मालक ठाऊक नाहीत.

मालकापासूनच सुरुवात करते, कारण तुमची सगळ्यात कच्ची बाजू तीच आहे. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात. वरातीच्या घोड्याची कमाई थांबते, खाणं थांबत नाही. म्हणून काही मालक पावसाळ्यात घोडी गायरानात, माळावर किंवा रस्त्यावर सोडून देतात आणि तुळशीचं लग्न झालं की शोधायला निघतात. तुम्हाला मोकाट वाटलेला घोडा कुणाच्या तरी हिशेबात अजून त्याचाच असतो. नोव्हेंबरात तो तुमच्या दारात येऊन "माझं जनावर चोरलंत" म्हणाला, तर तुमच्या हातात कागद काय आहे? आजच पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. कुठे, कधी, कोणत्या अवस्थेत सापडले ते लिहा आणि पोचपावती घ्या. महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला एक प्रत द्या, मोकाट जनावरांचा कोंडवाडा त्यांच्याकडे असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यातून तपासणीचा दाखला घ्या. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावर उपाशी ठेवणं आणि भुकेनं हाल होतील अशा स्थितीत सोडून देणं, हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही फक्त १० ते ५० रुपये आहे, तेव्हा मालकाला धडा शिकवायला त्याचा उपयोग धरू नका. तुम्हाला उपयोगी पडेल तो भाग वेगळा आहे. गुन्हा नोंदला गेला तर खटला चालू असेपर्यंत जनावर कुणाच्या ताब्यात राहावं हे न्यायालय ठरवतं, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणे त्या काळातला सांभाळण्याचा खर्च मालकाकडून मागता येतो. मालक भेटला आणि राजीखुशीनं द्यायला तयार असला, तर साक्षीदारांसह दानपत्र करून घ्या.

दानपत्रात ओळख नीट लिहा. "एक पांढरी घोडी" एवढ्यानं भागत नाही, वरातीच्या निम्म्या घोड्या पांढऱ्याच असतात. अंगावरचे केसांचे भोवरे कुठे कुठे आहेत ते लिहा. कपाळावर किती, मानेवर कुठल्या बाजूला, छातीवर आहे की नाही. आपल्याकडे भोवऱ्यांवरून घोडा शुभ-अशुभ ठरवतात. ते मी मानत नाही, पण भोवरे बदलत नाहीत आणि मालकालाही ते पाठ असतात. ओळख म्हणून ते उत्तम चालतात. जोडीला दोन्ही कुशींचे, समोरून आणि चारही पायांचे फोटो.

आता एक गोष्ट, जी झाल्याशिवाय कुठलंही आवाहन टाकू नये असं माझं ठाम मत आहे. ग्लँडर्सची रक्ततपासणी. हा घोडा-गाढव-खेचरांचा जिवाणूजन्य रोग आहे, माणसालाही होतो, आणि २००९ च्या प्राण्यांच्या साथरोग कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. नमुना सरकारी पशुवैद्यकामार्फत जातो. या रोगासाठी देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. रोगाची खात्री झाली तर जनावराला दयामरण देण्याशिवाय मार्ग नसतो. हे वाचून धक्का बसला असेल, पण तुम्ही लोकांना भेटायला बोलावणार, लहान मुलं घोड्यांच्या नाकावरून हात फिरवणार. तपासणीचा निकाल येईपर्यंत आणि निदान तीन आठवडे नवा घोडा जुन्यांपासून वेगळा बांधा. त्याची बादली, खरारा, मोहरकी सगळं वेगळं ठेवा. नाकातून चिकट स्राव, पायांवर गाठी किंवा फुटणारे फोड दिसले तर हातमोजे घातल्याशिवाय जवळ जाऊ नका आणि डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. धनुर्वाताची लस लगेच द्या. खिळा रुतला किंवा नालेची जखम झाली की घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो.

खंगलेल्या घोडीला तुम्ही "हरभरा, गूळ आणि भरपूर दाणा चालू केलाय" असं लिहिलंय. तो आज थांबवा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात दाण्यातलं पिष्ट एकदम गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. मग हृदय आणि श्वास बंद पडू शकतात. घोडी उपासमारीतून वाचते आणि खायला मिळाल्यावर चार-पाच दिवसांनी जाते, ते यामुळे. पहिले तीन दिवस लसूणघास, वाळवलेला असेल तर उत्तम, एका वेळी साधारण अर्धा किलो, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवसापासून प्रमाण हळूहळू वाढवत आणि वेळा कमी करत दहा दिवसांत पोटभर चाऱ्यावर आणा. पाणी कायम समोर हवं. दाणा महिनाभर तरी नको, आणि पुढे द्यायचा तो डॉक्टरांना विचारून. रात्रीची पाळी चौघांनी वाटून घ्या.

हे सगळं निधीच्या प्रश्नात कशाला, असं वाटेल. देणगीदाराला तुम्ही जे वचन देणार ते घोडा जिवंत ठेवण्याचं आहे. पहिल्या पंधरवड्यातच घोडी गेली, तर पुढच्या आवाहनाला कोण उभं राहील?

आता हिशेब. घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा रोज लागतो. ३५० किलोच्या घोड्याला दोन टक्क्यांनी रोज ७ किलो, महिन्याला २१० किलो. तुमच्याकडचा दर किलोला समजा १० रुपये पडला तर नुसता चारा २,१०० रुपये. त्यावर लसूणघास, खनिज मिश्रण, मीठ. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येऊन खूर कापणार. घोडा कामावर नसला तरी खूर वाढतातच, आणि न कापलेल्या खुरानं पाय कायमचा बिघडतो. वर्षातून एकदा दातांच्या टोकदार कडा घासून घेणं, जंताचं औषध, लस. आणि सगळ्यात मोठा आकडा पगाराचा. मित्र-मित्र पाळ्या लावून सहा महिने करतील. नंतर कुणाची नोकरी लागेल, कुणाचं लग्न होईल. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस, ठेवावाच लागतो. त्याचा पगार घोड्यांच्या संख्येनं भागा. हे सगळं मिळून एका घोड्याचा महिन्याचा आकडा काढा. समजा तो ९,००० आला. तीन घोड्यांचे २७,०००. एका घोड्याचे पंधरा वर्षांचे १६ लाख २० हजार. माझे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे मिरजेच्या भावानं मांडा, पण कागदावर मांडाच. तुमच्या आवाहनातले पाच लाख त्या कागदाशेजारी ठेवलेत की कळेल, तीन घोड्यांना ते जेमतेम दीड वर्ष पुरतात, आणि त्यातले अडीच लाख शेडवर घातले तर नऊ महिन्यांतच संपतात.

चाऱ्याबद्दल तुमच्या भागापुरतं एक सांगते, कारण तिथे मोह मोठा आहे. उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, हंगामात फुकट किंवा फुकटासारखं मिळतं. त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. जोडीला स्वस्त म्हणून गव्हाचा कोंडा घातला तर त्यात फॉस्फरस भरमसाठ. दोन्ही मिळून काही महिन्यांत हाडं ठिसूळ होतात, जबडा आणि नाकाची हाडं फुगतात, घोडा लंगडायला लागतो. म्हशीला चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही. थोडं वाढं कधीतरी चालेल, रोजचं पोट त्यावर भरू नका. रब्बी ज्वारीचा वाळलेला कडबा चांगला. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की शेकड्यानं पेंढ्या घ्या आणि कोरड्या जागी रचा. तोच कडबा जुलैत महाग होतो आणि भिजलेला मिळतो. बुरशी आलेली पेंढी घोड्यापुढे टाकायची नाही, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं वाईट वरच्या वाटेनं बाहेर पडतच नाही. तुमच्या पाच लाखांतला पहिला मोठा खर्च मी वर्षाचा कडबा आणि तो ठेवायला पत्र्याची कोरडी खोली यावर करेन, शेडच्या शोभेवर नाही. अर्थात सावली हवीच. तुमची घोडी नुकरी, म्हणजे गुलाबी कातडीची पांढरी, असेल, तर नाकपुड्यांभोवतीची गुलाबी कातडी उन्हानं सोलवटते.

मग पैसे मागायचे कसे? महिन्याचा खर्च महिन्याच्याच देणगीतून भागला पाहिजे, हा आमचा नियम आहे. २७,००० हवे असतील तर दरमहा ३०० रुपये देणारी ९० घरं शोधायची. एकदा पाच हजार देणाऱ्यापेक्षा दरमहा ३०० देणारा मला जास्त मोलाचा वाटतो, कारण त्याच्या भरवशावर मी मोतद्दाराला पगाराची तारीख सांगू शकते. बँकेचा स्थायी आदेश किंवा यूपीआयचं ऑटोपे लावायला सांगा. "आठवण आली की पाठवतो" म्हणणारी माणसं खरंच भली असतात, पण त्यांना आठवण येत नाही. ही ९० घरं अनोळखी लोकांत शोधू नका. तुम्हा चौघांचे नातेवाईक, शाळेतले मित्र, शिक्षक, आईच्या भिशीतल्या बायका, वडिलांच्या ऑफिसातले सहकारी, गल्लीतलं गणेश मंडळ. प्रत्येकानं २०-२५ घरं आणायची. ती घरं मिळाली नाहीत तर तीन घोडे तुम्हाला झेपत नाहीत, हे उत्तर आत्ताच मिळेल, आणि ते आत्ताच मिळालेलं बरं. मग एक ठेवा आणि दोघांसाठी चालू असलेल्या संस्थेशी बोला. सांगली-साताऱ्याकडे कामाच्या जनावरांसाठी ॲनिमल राहत बरीच वर्षं काम करते आहे, त्यांचा सल्ला तरी घ्याच.

मोठं ऑनलाइन आवाहन एकदाच्या खर्चासाठी वापरा: चारा-खोली, कुंपण, पाण्याची टाकी, एखादी शस्त्रक्रिया. रक्कम सुटी सुटी लिहा. कशाला किती, कोणाचं कोटेशन. जास्त जमले तर काय करणार आणि कमी जमले तर काय सोडणार, हेही लिहा. त्या वेबसाइटचं शुल्क किती कापलं जातं ते आधी पाहा आणि देणगीदाराला सांगा.

फोटोंबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. जखमेत किडे पडलेले, डोळ्यांतून पाणी येणारे फोटो टाकले की पैसे येतात, खरं आहे. पण अशा फोटोवर आलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात आणखी भयंकर फोटो लागतो, नाहीतर तो देत नाही. मग संस्था नकळत भयंकर प्रकरणं शोधत फिरते. त्याऐवजी आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक घोड्याचं माप घेतो. शिंप्याची टेप घ्यायची. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजायचा, श्वास सोडल्यावर. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) मागच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७. उत्तर येतं ते अंदाजे किलो. घेर १५५ आणि लांबी १५० असेल तर साधारण ३०३ किलो. त्याच भिंतीसमोर, त्याच बाजूनं, त्याच उजेडात एक फोटो. जोडीला अंगावरच्या मांसाचा १ ते ९ मधला गुण: १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे बरगड्या दिसत नाहीत पण हाताला लागतात. फोटो, वजन, गुण, महिन्याचा जमाखर्च, एवढं एका पानावर, व्हॉट्सॲपवर, दर महिन्याला. घोडी ३०३ वरून ३१९ वर गेली की लोक आपणहून लिहितात. ३१९ वरून ३११ वर उतरली तरी पाठवायचं आणि कारण लिहायचं. विश्वास त्या उतरलेल्या आकड्यानं बसतो. शिवाय हीच वही डॉक्टरच्या उपयोगी पडते.

लोक वस्तूही आणून देतील, त्यातल्या काही घेऊ नका. शिळ्या पोळ्या, पाव, लग्नातला उरलेला भात, पेढे घेऊन गाडी येईल. देणाऱ्याचा भाव चांगला असतो. घोड्याच्या पोटात मात्र त्याचा आंबूस लगदा होतो आणि शूळ उठतो. घोडा सारखा कुशीकडे वळून पाहतो, पुढच्या पायानं माती उकरतो, लोळतो, लीद थांबते. मिरजेत रात्री दोन वाजता घोड्याचा पोटशूळ हाताळणारा डॉक्टर कोण, त्याचं नाव-नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा. गाई-म्हशींचे डॉक्टर पुष्कळ आहेत, घोड्यात हात बसलेले थोडे. मोठ्या उपचारासाठी सातारा जिल्ह्यातलं शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला मुंबईतल्या परळपेक्षा जवळ पडेल. तिथे आधी जाऊन ओळख करून या. दारावर पाटी लावा: "खाऊ देऊ नये. गवताची पेंढी, खराऱ्याचा ब्रश, बादली, जुनी गोधडी चालेल." लोक रागावत नाहीत, नेमकं काय आणायचं ते कळलं की त्यांना बरंच वाटतं.

गावाकडच्या माणसांना कमी लेखू नका. खंडोबाला घोड्यावर पाहिलेली आणि वारीत रिंगणाच्या घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावलेली ही माणसं आहेत. तुमचा रोख देणगीदार पुण्या-मुंबईत असेल, पण कडबा, पाण्याचा टँकर, एक दिवसाचा ट्रॅक्टर गावातूनच मिळतो. दसऱ्याला घोड्याची पूजा करायला आसपासच्या लोकांना बोलवा. गुलाल आणि फटाके लांब ठेवा, आणि जमाखर्चाचा कागद तिथे भिंतीवर लावा.

आता तुमचा मूळ प्रश्न, ट्रस्ट की सोसायटी. महाराष्ट्रात फरक तुम्हाला वाटतो तेवढा नाही. १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवली तरी ती १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे येतेच. सोसायटीला सात सदस्य लागतात आणि निवडणुका, सभा, इतिवृत्तं सांभाळावी लागतात. तुम्ही चौघं आहात, तर ट्रस्ट सुटसुटीत. एक विश्वस्त असा घ्या की जो घोड्यांवर जीव टाकणारा नसेल पण हिशेब पक्का ठेवणारा असेल. तो "नाही" म्हणेल तेव्हा त्याचा राग येईल, आणि संस्था त्याच्यामुळेच टिकेल. दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल. हे चुकवू नका.

नोंदणीला महिने लागतात आणि घोडे आज खातात. तोवर मित्राच्या बचत खात्यात देणग्या घेऊ नका. ते पैसे कायद्यानं त्याचं उत्पन्न ठरू शकतात, आणि भांडण झालं तर मैत्रीही जाते. संस्था नोंदलेली नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर गणेश मंडळं घेतात तशी कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. मला बरा वाटणारा रस्ता असा: तुमच्या भागातल्या एखाद्या नोंदणीकृत प्राणीसंस्थेला विनंती करायची की वर्षभर तुमच्या तीन घोड्यांच्या नावानं देणग्या त्यांच्या खात्यात घ्याव्यात, वेगळी नोंद ठेवावी आणि बिलं दाखवली की चाऱ्याचे पैसे थेट द्यावेत. त्यांची ८०जी पावतीही देणगीदाराला मिळते.

८०जी बद्दल लोक जितकं विचारतात तितकं छोट्या देणगीत त्याचं महत्त्व नाही. नवी करप्रणाली घेतलेल्या माणसाला ती सवलत मिळतच नाही. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तूरूप देणगी तिच्यात बसत नाही. तरी मोठ्या देणगीदारासाठी आणि कंपन्यांसाठी ती लागते, म्हणून ट्रस्ट झाल्याबरोबर १२एबी (संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या करमाफीची नोंदणी) आणि ८०जीचे अर्ज एकत्र करा. सुरुवातीला तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक वेगळे आहेत, तेवढं सी.ए.कडून तपासून घ्या. देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन पहिल्या दिवसापासून लिहून घ्या. क्यूआर कोड दारावर चिकटवला की पैसे येतात, पण कोणाचे ते कळत नाही. नाव-पत्ता नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की त्यावर ३० टक्के कर लागतो. ती मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख, यांतली जी मोठी ती. क्यूआरशेजारी एक छोटा फॉर्म ठेवा.

आणखी एक ठिकाण जिथे चांगली माणसं अडकतात. तुमच्यापैकी कुणाचा मामा अमेरिकेत असेल आणि त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याचे पन्नास डॉलर ही परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी तेच. भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्यानं दुबईहून बँकेमार्फत पाठवले तर अडचण नाही. एफसीआरए नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर १५ लाख खर्च केलेली लागते, म्हणजे सध्या तो विषय तुमच्यासाठी बंद. ऑनलाइन आवाहन टाकताना "परदेशी देणगी स्वीकारत नाही" असा पर्याय निवडा.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या, यादीत प्राणीकल्याण आहे, पण कंपनी साधारणपणे शेड, गाडी, उपकरणं देते. रोजच्या चाऱ्याला आणि पगाराला हात आखडता घेते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता जरूर घ्या, अनुदानासाठी ती लागतेच आणि पोलिसांशी बोलतानाही वजन येतं. मात्र अनुदान येईल या भरवशावर एकही घोडा घेऊ नका.

आता ते दोन घोडे, दहा-दहा हजारांचे. घेऊ नका. तुम्ही दिलेल्या वीस हजारांत तो मालक पुढच्या महिन्यात बाजारातून दुसरा स्वस्त, म्हातारा घोडा आणतो, आणि तुमचा नंबर आता त्याच्याकडे असतो. विकत घेऊन सोडवलंत की पंचक्रोशीत बातमी पसरते की हे लोक मोडके घोडे विकत घेतात. त्यासाठी मागितलेल्या देणगीतून त्या धंद्याला भांडवल मिळतं. घोड्याची अवस्था खरंच वाईट असेल तर तक्रार आणि पंचनामा हा रस्ता आहे. अवस्था बरी असेल, तर त्या मालकाकडे जाऊन बसा. बऱ्याचदा अडचण निर्दयपणाची नसते. आषाढापासून चार महिने कमाई नाही, कडबा महाग, खोगिराखाली पाठ सोललेली आणि उपचाराला पैसे नाहीत, अशी असते. दोन हजारांच्या औषधानं, खोगिराखाली नीट गादी शिवून दिल्यानं आणि नालबंदाच्या एका फेरीनं तो घोडा त्याच्याच दावणीला बरा होतो. तुमच्या गोठ्यात तोच घोडा महिन्याला नऊ हजार खाईल. आमच्या कामाचा मोठा भाग आता असा बाहेर चालतो, आणि देणगीदारांनाही तो पटतो, फक्त समजावून सांगावा लागतो, कारण त्यात सुटकेचा फोटो नसतो.

दयामरणाबद्दलही आत्ताच, घोडा धडधाकट असताना, विश्वस्तांमध्ये ठरवून ठेवा: कुठल्या अवस्थेत, कोणाच्या सल्ल्यानं, निर्णय कोण घेणार. पाय मोडलेला किंवा शूळ न उतरणारा घोडा रात्रभर तडफडत ठेवून सकाळी सभा घेता येत नाही. पुरायला जागा कुठली, जेसीबी कोण पाठवेल, ग्रामपंचायतीला कळवायचं कसं, हेही त्याच कागदावर लिहा. आणि देणगीदारांच्या महिन्याच्या पानावर त्या दिवशी सरळ लिहा की घोडा गेला, कशानं गेला, आम्ही काय केलं.

तुम्ही सध्या एवढं करा. दाणा बंद, घोडी लसूणघासावर. सरकारी दवाखान्यातून रक्ताचा नमुना. पोलीस ठाण्याची पोचपावती. मग टेपनं तिघांची मापं घ्या, तुमच्याकडचा कडब्याचा शेकडा भाव आणि मोतद्दाराचा पगार विचारा, आणि ते आकडे मला पाठवा. एका घोड्याचा खरा खर्च किती येतो ते पाहून ९० घरं लागतील की १२०, ते आपण मिळून काढू. तोवर पाच लाखांचं आवाहन थांबवून ठेवा.